थेडावरचा पांढरा थर: वाळवंटातली माती कशी वाचावी

प्रश्न भूगोल शिकवणाऱ्या एका शिक्षकांचा आहे. हिवाळ्यात ते राजस्थानातलं कालीबंगन हे हडप्पाकालीन स्थळ पाहायला गेले होते. परतताना हनुमानगड-सुरतगड भागात एका जुन्या थेडाची, म्हणजे जुन्या वस्तीच्या ढिगाऱ्याने बनलेल्या टेकाडाची, कापली गेलेली कड त्यांना दिसली आणि तिच्या अगदी तळाशी वीतभर जाडीचा, सरळ पांढरा पट्टा दिसला. ते विचारतात: हा जुन्या तळ्याचा थर असेल का? त्यावरून तिथलं हवामान कधी कोरडं झालं हे सांगता येईल का? आणि सरस्वती आटली म्हणून हडप्पाकालीन लोक गाव सोडून गेले, हे मातीवरून सिद्ध झालं आहे का?

तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, पण मी पांढऱ्या पट्ट्यापासून सुरुवात करते. तो नीट वाचता आला तर पुढच्या दोन्ही प्रश्नांत कुठे सावध राहायचं तेही लक्षात येईल.

आपल्याकडे गावच्या जमिनीचे दोन भाग सांगतात, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. वस्तीची जमीन पांढरी का होते? चुलीतली राख, शेण, गोठ्यातला वैरणीचा चुरा, पावसाळ्यात ढासळलेल्या भिंतींची माती हे सगळं शेकडो वर्षं एकावर एक बसत जातं. राखेत चुना असतो, शेणात आणि हाडांत फॉस्फरस असतो. जमीन फिकट, हलकी आणि कसदार होते. हा कस शेतकऱ्याला ठाऊक होता, म्हणून पांढरीची माती गाड्या भरभरून शेतात नेली गेली आणि दख्खनमधल्या कितीतरी ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांचे वरचे थर त्यातच गेले. पुरातत्त्वाच्या पुस्तकातली 'वसाहतीची माती' आपल्या आजोबांना 'पांढरी' या एका शब्दात कळत होती. घग्गर ही त्या भागातली नदी, अनेक जण तिलाच जुनी सरस्वती मानतात. घग्गरकाठचा थेड ही तिथली पांढरी आहे. तेव्हा थेडाच्या पोटात पांढरा पट्टा दिसला तर पहिला संशय तळ्यावर नव्हे, राखेवर घ्यावा.

पण संशयाने भागत नाही. वाळवंटाच्या कडेला पांढरं दिसणाऱ्या निदान पाच गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचा अर्थ वेगळा आहे.

राख जागेवरच जळलेली असेल तर तिच्याखाली काळी, कोळशाची रेघ असते आणि त्याच्याखाली भाजून लालसर झालेली माती. लाल, काळं, पांढरं असा खालून वर क्रम दिसला की ती चूल किंवा भट्टी होती हे जवळजवळ नक्की. क्रम नसेल, पांढरे गोळे, खापऱ्या आणि हाडं एकत्र कालवलेली असतील तर ती उकिरड्यावर टाकलेली राख. दुसरी शक्यता कंकराची, म्हणजे मातीत तयार झालेल्या चुन्याच्या गाठींची. त्या कठीण असतात, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की खदखदतात. तिसरं जिप्सम. ते नखाने ओरखडतं आणि आम्लाला दाद देत नाही. बिकानेर-हनुमानगड पट्ट्यात ते भरपूर आहे, त्याच्या खाणी आहेत. चौथा खरोखरीचा तळ्याचा गाळ. तो बारीक, पातळ पापुद्र्यांचा, आडवा सपाट असतो आणि त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे इवलेसे शंख सापडतात. पाचवं मीठ.

हे पाचवं कारण मला तुमच्या बाबतीत सगळ्यात संभवनीय वाटतं. इंदिरा गांधी कालवा आल्यापासून त्या भागात भूजल वर चढलं आहे. स्थानिक लोक त्याला 'सेम' म्हणतात. पाणी टेकाडाच्या पायथ्यातून वर ओढलं जातं, पृष्ठभागावर सुकतं आणि क्षार मागे ठेवून जातं. आपल्याकडे उसाच्या पट्ट्यात जमिनीला खार फुटतो तसंच. ओळखायची खूण सोपी आहे: थराचा पांढरा पट्टा थराच्या चढ-उताराबरोबर जातो, खड्ड्यात वाकतो, भिंतीपाशी थांबतो. खार मात्र ओलाव्याची रेषा धरतो. भिंत असो, खड्डा असो, सगळ्यांवरून एकाच उंचीने जातो. तुमच्या वर्णनात पट्टा 'अगदी तळाशी' आणि 'सरळ' आहे, म्हणून मी हे म्हणते. तसं असेल तर तो हडप्पाकालीन नाही, गेल्या काही दशकांचा आहे. पर्यावरणातल्या बदलाचाच पुरावा तो, पण आपल्या काळातल्या बदलाचा.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ, मातीवरून हवामान कसं कळतं. इथे एक भेद मनात पक्का करावा लागतो आणि मला स्वतःला तो पक्का व्हायला वर्षं लागली. गाळ वेगळा, माती वेगळी. गाळ म्हणजे दुसरीकडून आलेला माल. वाऱ्याने आणलेली वाळू, पुराने आणलेला पोयटा, तळ्यात संथपणे बसलेली चिकण. माती म्हणजे त्याच मालावर, एकाच जागी, पाऊस, मुळं, किडामुंगी आणि काळ यांनी केलेलं काम. गाळ सांगतो काय आलं आणि कशाने आलं. माती सांगते की येणं थांबलं होतं, पृष्ठभाग उघडा होता, त्यावर काहीतरी उगवत होतं. उभ्या छेदात या दोन गोष्टी आलटून पालटून येतात. वाचायचं ते हे आलटणं. आणि सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो दोन थरांमधल्या सीमेला. सीमा धारदार असेल तर मध्ये काहीतरी खरवडून गेलं आहे, इतिहासाची पानं गळाली आहेत. सीमा पुसट, मुळांनी शिवलेली असेल तर बदल हळू झाला.

याचा भारतातला सर्वांत सुंदर नमुना नागौर भागात, डिडवाण्याजवळ आहे. तिथल्या 16 आर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाळूच्या टेकडीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पथकाने 1980 च्या दशकात जवळपास 20 मीटर खोल छेद घेतला. वीरेंद्रनाथ मिश्र पुरातत्त्वाच्या बाजूने आणि शरद राजगुरू भूविज्ञानाच्या बाजूने या कामात होते. बाहेरून पाहिलं तर ती वाळूची टेकडी. आत वाळू, मग लालसर माती, मग कंकराचा थर, पुन्हा वाळू, असा क्रम पुन्हा पुन्हा. आणि वेगवेगळ्या खोलीवर माणसाने घडवलेली दगडी हत्यारं. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत अशोक सिंघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वाळूच्या कणांचं वय काढलं. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या मांडणीनुसार त्या एका टेकडीत सुमारे 2 लाख वर्षांची नोंद आहे. जवळच्याच सिंगी तलाव इथे हातकुऱ्हाडी वापरणारी माणसं निदान 1 लाख 77 हजार वर्षांपूर्वीपर्यंत राहत होती, असं 2021 साली छापून आलेल्या नव्या कालमापनातून दिसलं.

कंकराचा थर म्हणजे काय, हे थोडं उलगडून सांगते, कारण थर वाळवंटाचं हवामान बऱ्याच अंशी याच गाठींत लिहिलेलं आहे. पाऊस पडतो, पाणी धुळीतला चुना विरघळवून खाली नेतं. पाऊस भरपूर असेल तर चुना धुऊन पार निघून जातो. फारच कमी असेल तर तो हलतच नाही. मधल्या पावसात तो हात-दीड हात खाली जाऊन थांबतो, कारण तिथवर पोचेपर्यंत मुळांनी पाणी पिऊन टाकलेलं असतं. वर्षानुवर्षं तिथेच साचून गाठी होतात. म्हणजे जाड, सलग कंकर दिसला तर वाळू हजारो वर्षं स्थिर होती, तिच्यावर गवत होतं आणि पाऊस बेताचा पण नियमित होता. ज्या टेकडीला आपण वाळवंटाचं प्रतीक समजतो, तिच्या पोटातला बराच भाग गवताळ रानाचा इतिहास असतो.

वाळूचंही असंच. वाळू साचली म्हणजे तेव्हा सर्वांत कडक दुष्काळ होता, असं वाटणं साहजिक आहे. थर वाळवंटातल्या टेकड्यांचं कालमापन झाल्यावर मात्र वेगळंच दिसलं. हिमयुगाच्या ऐन शिखरावर, सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी, इथे वाळूची फारशी भर पडलेली नाही. भर पडली ती त्यानंतर, मोसमी वारे पुन्हा बळावू लागले तेव्हा. वाळू हलायला कोरडेपणा लागतो तसा वाराही लागतो आणि थरमध्ये जोरकस वारा आणतो तो नैऋत्य मोसमीच. वारा आला होता, पाऊस अजून पुरेसा आला नव्हता, झाडोरा रुजला नव्हता, अशा संधिकाळात टेकड्या वाढल्या. 'वाळू बरोबर दुष्काळ' हे समीकरण मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला पुसायला सांगते.

वाळूच्या कणांचं वय कसं काढतात, तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. क्वार्ट्झचा कण उन्हात असतो तोवर त्याच्या स्फटिकात साठलेली ऊर्जा रिकामी होत राहते. तो गाडला गेला की भोवतालच्या मातीतल्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सर्गाने ऊर्जा पुन्हा साठू लागते. प्रयोगशाळेत लाल दिव्याच्या अंधारात तो कण उघडून त्यावर प्रकाश टाकला की साठलेली ऊर्जा मंद उजेडाच्या रूपाने बाहेर पडते. किती साठली आणि वर्षाला किती साठते, याचा भागाकार म्हणजे गाडलं गेल्यापासूनचा काळ. या पद्धतीला सगळे ओएसएल (ऑप्टिकली स्टिम्युलेटेड ल्युमिनेसन्स) म्हणतात. यातला एक बारकावा: थरातलं पाणी किरणोत्सर्ग शोषतं. आज कोरडा दिसणारा थर पूर्वी हजारो वर्षं ओला असेल आणि आपण तो कायम कोरडा धरला तर वय खऱ्यापेक्षा कमी येतं.

माझ्या पहिल्या मोसमात मी एका छेदातून एकसारख्या, स्वच्छ वाळूच्या पट्ट्यातून नमुना घेतला. लोखंडी नळी, काळं कापड, सगळं शिस्तीत. महिन्यांनंतर वय आलं ते वरच्या थरापेक्षाही कमी. छायाचित्रं पुन्हा मोठी करून पाहिली तेव्हा वाळूत एक फिकट, गोल किनार दिसली. ती उंदराच्या बिळाची होती. वाळवंटी उंदरांनी खोदलेलं बीळ वरच्या वाळूने भरून गेलं होतं आणि मी नेमकी तीच वाळू उचलली होती. मोजणी निर्दोष होती. छेद वाचण्यात माझी चूक झाली होती. तेव्हापासून पहिल्या दिवशी मी एकही नमुना घेत नाही. छेद साफ करते, सकाळच्या तिरप्या उन्हात आणि संध्याकाळच्या उन्हात पाहते, पाणी शिंपडून पाहते, रेखाटते. थर सुकताना वेगवेगळ्या वेगाने सुकतात आणि त्या अर्ध्या तासात लपलेल्या सीमा दिसतात.

आता तळी. थर वाळवंटातल्या खाऱ्या तळ्यांनी अर्धशतकभर वाद पेटता ठेवला आहे आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. गुरदीप सिंग यांनी 1970 च्या सुमारास सांभर, डिडवाणा आणि लूणकरणसर इथल्या तळ्यांच्या गाळातले परागकण मोजले. परागकणाचं कवच हजारो वर्षं टिकतं आणि त्याच्या आकारावरून वनस्पती ओळखता येते. 1971 आणि 1974 च्या त्यांच्या लेखांतून चित्र उभं राहिलं ते असं: एके काळी इथे पाऊस जास्त होता, त्याच ओल्या काळात सिंधू संस्कृती फुलली, मग पाऊस आटला आणि ती कोमेजली. चित्र इतकं नीटस होतं की ते पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं.

1999 साली येहुदा एन्झेल आणि सहकाऱ्यांनी लूणकरणसरचा गाळ पुन्हा, अधिक बारकाईने वाचला. त्यांना दिसलं की हे तळं रेडिओकार्बन वर्षांत, म्हणजे अवशेषांतल्या किरणोत्सर्गी कार्बनवरून मोजलेल्या वर्षांत, सुमारे 6300 वर्षांपूर्वी एकदम भरलं आणि सुमारे 4800 वर्षांपूर्वी पूर्ण सुकलं. रेडिओकार्बन वर्षं आणि पंचांगाची वर्षं एक नसतात. 4800 चं रूपांतर केलं तर आजपासून साधारण 5500 वर्षं येतात. हडप्पा संस्कृतीचा नागर काळ इ.स.पू. 2600 ते 1900, म्हणजे आजपासून 4600 ते 3900 वर्षांपूर्वीचा. तळं सुकलं त्यानंतर जवळजवळ हजार वर्षांनी नगरं उभी राहिली. ज्या ओल्या काळाच्या जोरावर ती उभी राहिली असं आपण म्हणत होतो, तो तोवर संपून गेला होता.

मग 2014 साली यमा दीक्षित, डेव्हिड होडेल आणि कॅमेरॉन पेट्री यांनी हरियाणातल्या कोटला डहर या सुकलेल्या तळ्यातल्या शंखांचा अभ्यास छापला. बाष्पीभवनात हलका ऑक्सिजन आधी उडून जातो, जड मागे राहतो आणि शंखात त्याची नोंद होते. सुमारे 4100 वर्षांपूर्वी तिथे जड ऑक्सिजनचं प्रमाण अचानक वाढलेलं दिसतं, म्हणजे पावसाळा एकदम अशक्त झाला. हा काळ नगरांच्या उतरणीशी जुळतो.

एक तळं म्हणतं 5500, दुसरं म्हणतं 4100. कुठलं खरं? माझ्या मते दोन्ही. आटणाऱ्या पावसात उथळ आणि पश्चिमेचं तळं आधी मरतं, पूर्वेकडचं तगून राहतं आणि नंतर घाव घेतं. लूणकरणसर बिकानेरच्या वाळूत आहे, कोटला डहर मेवातमध्ये. आणि एकदा पार सुकलेलं तळं त्यानंतरच्या दुष्काळाबद्दल काहीच सांगू शकत नाही. त्याची वही बंद झालेली असते. म्हणून 'थरमध्ये तेव्हा कोरडं झालं' असं एकेरी वाक्य मला पटत नाही. कुठल्या तळ्यात, किती पावसाच्या पट्ट्यात, कुठल्या पद्धतीने मोजलं, हे विचारल्याशिवाय तारीख हातात घेऊ नये.

आता नदी. कालीबंगन घग्गरच्या डाव्या काठावर आहे. 1960-61 पासून नऊ हंगाम, ब्रजवासी लाल आणि बी. के. थापर यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन झालं. तिथल्या अनेक रेडिओकार्बन तारखांच्या आधी 'टीएफ' अशी अक्षरं दिसतात. ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेची खूण. वाळवंटातल्या कोळशाचं वय कुलाब्यात मोजलं गेलं, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते.

त्याच दशकात रॉबर्ट राइक्स यांनी कालीबंगनजवळच्या पूरमैदानात बोअर घेतले. आजची घग्गर शिवालिकच्या टेकड्यांतून निघते आणि बारीक, तपकिरी पोयटा आणते. पण खोलवर त्यांना भरड, करडी वाळू लागली, यमुनेच्या पात्रातल्या वाळूशी खनिजांनी मिळणारी. म्हणजे कधीतरी इथून उंच हिमालयातली मोठी नदी वाहत होती. हे 1968 साली छापून आलं. पुढचा सगळा प्रश्न एकाच शब्दाचा आहे: कधी?

त्याचं उत्तर वाळूनेच दिलं. वाळूत झिरकॉन नावाच्या कणखर खनिजाचे कण असतात. प्रत्येक पर्वतरांगेतल्या झिरकॉनची वयं वेगळी, म्हणून तो कण आपल्या माहेरचा पत्ता सांगतो. 2012 साली पीटर क्लिफ्ट आणि सहकाऱ्यांनी या पत्त्यांवरून दाखवलं की यमुना हजारो वर्षांपूर्वी, हडप्पा काळाच्या फार आधी, इथून गेली होती. त्याच वर्षी लिव्हियू जोसान आणि सहकाऱ्यांनी भूरूपांवरून तीच दिशा दाखवली. 2017 साली अजित सिंग, संजीव गुप्ता, राजीव सिन्हा आणि सहकाऱ्यांनी पुराण्या पात्रात खोल बोअर घेऊन ओएसएलने वयं काढली. ती करडी वाळू सतलजची निघाली आणि सतलजने हे पात्र सुमारे 8 हजार वर्षांपूर्वीनंतर लवकरच सोडलं होतं. त्यानंतर तिथे फक्त बारीक चिखल बसत गेला.

म्हणजे कालीबंगन वसलं तेव्हा बलाढ्य नदी जाऊन निदान दोन-तीन हजार वर्षं झाली होती. मला हा निष्कर्ष पहिल्यांदा वाचला तेव्हा धक्का बसला आणि मग फार समाधान वाटलं, कारण शेतकऱ्याच्या नजरेने पाहिलं तर तो अगदी बरोबर बसतो. सतलजसारखी नदी दारात असेल तर दर पावसाळ्यात पात्र सरकतं, काठ तुटतात, गाव वाहून जातं. ती निघून गेली, मागे रुंद, खोलगट दरी राहिली. तिच्यात पावसाळ्यात शिवालिकचं सौम्य पाणी यायचं, बारीक गाळ पसरवायचं आणि ओसरायचं. त्या ओलीवर गहू-जव काढायचे. आपल्याकडे नदीकाठी पाणी उतरल्यावर गाळपेर करतात ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मोठी नदी गेली म्हणून वस्तीला जागा झाली.

वाद मिटलेला मात्र नाही. 2019 साली अनिर्बाण चटर्जी, ज्योतिरंजन राय आणि सहकाऱ्यांनी अभ्रकाची वयं आणि समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे कमीजास्त वजनाचे अणू) वापरून मांडलं की सुमारे 9 हजार ते साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या काळात सतलजच्या फाट्यांतून घग्गरला उंच हिमालयाचं पाणी मिळत होतं आणि ती बारमाही होती. हे काम गंभीर आहे, झटकून टाकण्यासारखं नाही. माझी अडचण अशी की जुन्या सतलजची वाळू त्याच दरीत पडलेली आहे. नंतरच्या लहान पुरांनी ती उकरून पुढे नेली तर तरुण थरात म्हातारे कण मिळणारच. कणाचं माहेर आणि कणाचा शेवटचा प्रवास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाट्यांतून अधूनमधून पाणी येत असेल, ही शक्यता मी खुली ठेवते. भरभरून वाहणारी सतलज कालीबंगनच्या तटाखालून जात होती, हे मला मातीत दिसत नाही.

आणि लोक गेले ते कायमचे गेले, हेही खरं नाही. त्याच घग्गरकाठी पुढे राखी रंगाच्या चित्रित खापरांचे लोक आले, नंतर सुरतगडजवळच्या रंगमहालची वस्ती झाली. तिचं उत्खनन हाना रीड यांच्या स्वीडिश पथकाने 1952 ते 54 मध्ये केलं होतं. ती इसवी सनाच्या पहिल्या शतकांतली, कुषाण काळाच्या आसपासची. 'नदी आटली, माणसं गेली' एवढ्यावर थांबलं तर रंगमहालला जागाच उरत नाही. हवामानाने माणसांचे पर्याय कमी केले, हे मी मानते. त्यांनी काय निवडलं हे त्यांच्या घरांच्या जमिनीत शोधावं लागतं.

त्यासाठी मोठ्या थरांवरून एकदम लहानात उतरावं लागतं. घराची जमीन, अंगण, गल्ली, गोठा यांतून मातीचा ठोकळा न हलवता डबीत कापून घेतात, राळेत भिजवून दगडासारखा घट्ट करतात आणि त्याचा 0.03 मिलिमीटर जाडीचा काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मारी-आन्येस कूर्ती यांनी घग्गरच्या मैदानात हे काम केलं आणि मैदान हंगामी पुरांचं होतं, हे तिथल्या मातीच्या पोतावरून ओळखलं. वस्तीत हेच तंत्र वापरलं की जमीन शेणाने सारवलेली होती की नुसती तुडवलेली, हे दिसतं. गुरांच्या आतड्यात तयार होणाऱ्या चुन्याच्या गोल कणिका असतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या. क्षारीय मातीत त्या हजारो वर्षं टिकतात आणि थर वाळवंट त्यांना फार मानवतं. त्या सापडल्या की तिथे शेण होतं. पातळ, सपाट पापुद्र्यांत सापडल्या तर सारवण. तुडवलेल्या जाड थरात सापडल्या तर गोठा. काळवंडून राखेत सापडल्या तर गोवऱ्या जाळल्या होत्या, म्हणजे लाकूड तुटपुंजं होतं का, हा पुढचा प्रश्न उभा राहतो. एका सारवलेल्या जमिनीत सतरा-अठरा लेप मोजायला मिळतात तेव्हा मी हातातलं काम थांबवते. प्रत्येक लेपामागे कुणाचे तरी हात आहेत.

कालीबंगनमध्ये माणसाचे हात दाखवणारा याहून मोठा पुरावा आहे, नांगरलेलं शेत. नागर काळाच्या आधीचं, गावाच्या आग्नेयेला. एक तासं, म्हणजे नांगराच्या चऱ्या, पूर्व-पश्चिम, सुमारे 30 सेंटिमीटर अंतराची. दुसरी त्यांना आडवी, उत्तर-दक्षिण, सुमारे 1.9 मीटर अंतराची. ते टिकलं कारण नंतरच्या लोकांच्या वस्तीचा मलबा त्यावर पडला. उत्खनन करणाऱ्यांनी आसपासच्या शेतांत पाहिलं तर तशीच दुहेरी तासं होती: जवळच्या तासांत कुळीथ, लांबच्या तासांत मोहरी, म्हणजे उंच मोहरीची सावली कुळथावर कमी पडावी. कोकणात नि घाटावर पिठलं ज्याचं होतं तोच हा कुळीथ. जुन्या शेतात नेमकं हेच पेरलं होतं असं तासांवरून सांगता येत नाही. पण मिश्र पेऱ्याची रीत तिथे होती, हे मातीने जपून ठेवलं.

तर तुमच्या पट्ट्याबद्दल. पुन्हा जाणं झालं तर खरवडू नका आणि माती पिशवीत घेऊ नका. थेड संरक्षित असेल तर ते कायद्याने चूक आहे, नसेल तरी उचललेल्या मातीचा थर हरवतो आणि थर हरवलेली माती मला काहीच सांगू शकत नाही. छायाचित्र काढा, सकाळी नऊच्या आत, शेजारी मोजपट्टी धरून. एक पूर्ण कडेचं, एक पट्ट्याच्या वरच्या सीमेचं, एक खालच्या सीमेचं. पट्टा कुठे वाकतो का, खापऱ्यांच्या खालून जातो की त्यांच्यावरही चढतो, खाली काळी-लाल रेघ आहे का, शेजारच्या शेतात किंवा कालव्याच्या काठावर तसाच पांढरा थर जमिनीवर दिसतो का, हे लिहून ठेवा. खापरीच्या अंगावरही पांढरं चढलेलं असेल तर तो खार.

तोवर वर्गात करण्यासारखं एक काम आहे. जवळच्या नदीकाठची माती, शेतातली काळी आणि एखाद्या पडक्या घराची पांढरी अशी तीन ठिकाणची मूठ मूठ माती, परवानगीने, तीन काचेच्या बाटल्यांत घाला. पाणी आणि चिमूटभर धुण्याचा सोडा टाकून खूप हलवा, मग ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात बसते, पोयटा काही तासांत, चिकण दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. मुलांना पट्ट्या मोजायला सांगा. मग त्याच तीन मातींच्या कोरड्या चिमटीवर प्रयोगशाळेतल्या सौम्य आम्लाचा एकेक थेंब टाका आणि कुठली किती खदखदते ते नोंदवा. पांढरी का खदखदते, याचं उत्तर मुलं स्वतः देतील, फक्त त्यांच्या घरची चूल कशावर पेटायची हे आधी त्यांच्या आजीला विचारून यायला सांगा.